जमिनीखालचे कान

तेली गल्लीत पाइप फुटला आणि रस्ता ओला व्हायच्या आत रेवती भालेघरे कुदळ घेऊन हजर झाली. करंजवणी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा खात्यात ती बावीस वर्षं फिटर. चार वर्षांपूर्वी खात्यानं नवे पाइप पुरले, तेव्हा त्याच चरात केसाएवढ्या काचतंतूंची केबल टाकली. घरोघर इंटरनेट पोचलं, तेही गावाच्या मालकीच्या केबलनं. वर एक नवलाई: जमीन जराशी हादरली तरी तंतूतला प्रकाश थरथरत परत येई, आणि खात्यातलं यंत्र त्यावरून गळती नेमकी कुठं ते सांगे.

"देवानं जमिनीला कान दिले," असं रेवती हात जोडून म्हणे.

त्या दिवशी ती खात्यात परतली, तर यंत्रासमोर कुलश्रेष्ठ साहेब बसलेले. गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारी मुख्य वाहिनी त्यांच्या कंपनीची. पडद्यावर ठिपके चालत होते.

"आमची नवी प्रणाली," ते म्हणाले. "प्रत्येकाची चाल वेगळी. एकदा नाव जोडलं की माणूस कुठंही जावो, कळतो. हा बघा, डावा पाय ओढतोय."

"अंबिकाताई!" रेवतीच्या तोंडून निसटलं. साहेबांनी लगेच ठिपक्यावर नाव चढवलं.

ठिपका वेशीजवळच्या शेवटच्या घरात शिरला. मारकुट्या नवऱ्यापासून पळून आलेली एक सासुरवाशीण गावच्या कीर्तनकार ताईंनी तिथं लपवली होती.

"उद्या दुपारी सगळ्या गावाच्या चालींची नोंद दाखवतो," साहेब शेजारी उभ्या असलेल्या नगराध्यक्ष दामूअण्णांना म्हणाले. "मग ही नोंद आमच्या कंपनीला द्यायच्या करारावर सही करा. नाहीतर वाहिनी बंद."

संध्याकाळी ताई देवळात आल्याबरोबर रेवती धावत तिथं गेली. गावात सप्ताह चालू होता आणि ताई कीर्तनाला उभ्या राहण्याच्या तयारीत होत्या.

"ताई, माझ्या तोंडानं घात केला!"

सगळं ऐकून ताई हसल्या. "अगं, तोंडाला कुलूप घालायची विद्या मला असती, तर मी कीर्तनकार झाले असते का? पोरीला आत्ताच्या आत्ता माझ्या बहिणीकडं पोचवते. पण बाकीच्या गावाचं काय?" त्यांनी चिपळ्या उचलल्या. "वेगळी चाल ओळखतं म्हणतेस ना ते यंत्र? मग उद्या कुणाची चाल वेगळी ठेवायचीच नाही."

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं असताना ताईंनी टाळकऱ्यांना थांबवलं. "आज पावली देवळात नाही, गल्लोगल्ली! दोन पावलं पुढं, एक मागं. पुढारीपणाची ऐट नको, नव्या चपलांचा तोरा नको. चुकेल त्याला दहीकाला मिळणार नाही!"

टाळ कडाडले. विणेकऱ्यामागं सारं गाव निघालं. तेली, कासार, मास्तरीण, पोस्टमन, काठी टेकणारे आजोबासुद्धा. अख्खी जमीन एका तालात घुमू लागली.

खात्यात साहेबांसोबत दामूअण्णा आणि रेवती पडद्याकडं बघत होते. साहेबांनी रात्रीत चढवलेली नावं एकेक करून पुसली गेली. शेवटी एकच थोरला ठिपका उरला आणि खाली अक्षरं उमटली: 'व्यक्ती: एक.'

"साहेब," दामूअण्णा मिशीत हसले, "या एकाची नोंद कुठल्या घराच्या नावावर घालणार?"

कुलश्रेष्ठ लाल झाले. "उद्या हे पुन्हा एकेकटे चालतीलच."

"चालतील की. आणि कुठं चालले ते कुणाला सांगत बसणार नाहीत. म्हणूनच सही नाही." दामूअण्णांनी कागद परत सरकवला.

संध्याकाळी वाहिनी बंद झाली. बाहेरचं जग तुटलं, पण गावातली केबल गावाचीच होती. घरोघरच्या पडद्यांवर देवळातलं ताईंचं समारोपाचं कीर्तन दिसतच राहिलं. आरतीनंतर रेवतीनं माइक हातात घेतला. आजवर ती सभेत कधी बोललेली नव्हती.

"यंत्राला आजच चाळणी लावलीय. आता त्याला पाण्याची गळती तेवढी ऐकू येईल, माणसाचं पाऊल नाही. पलीकडच्या तालुक्याच्या पाणी खात्यानंही स्वतःची केबल टाकलीय, त्यांची बाहेरची वाहिनी या कंपनीची नाही; आपली केबल तिला जोडायची. मधे अकरा किलोमीटर मुरूम आहे, आणि खोदायला बंदी आणायला कंपनी उद्याच कोर्टात जाईल म्हणतात." तिनं पदर खोचला. "चर मी आखलाय. कोर्ट अकराला उघडतं, आपण सहाला सुरू करू. कोण कोण येतंय?"