जिभेला न वळणारं अक्षर

रविवारी रात्री जेवणं आटोपली आणि वीज गेली. अशा वेळी सासरे गोष्ट सांगतात. ते शिंपी. त्यांच्या ओळखीतली माणसंही शिंपीच, त्यामुळे त्यांच्या गोष्टीतही शिंपीच असतो. सासूबाईंना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. घर सांभाळलं ते आतेसासूबाईंनी. त्या कोपऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या. नवरा भिंतीशी आडवा झालेला.

"मामा, भूत मापं देतं का हो?" आतेसासूबाईंच्या मुलाने विचारलं.

"नाही देत. ऐक," सासरे म्हणाले. "माझ्या ओळखीचा एक. त्याची बायको परमुलखातली. तिच्या भाषेत 'ळ' नव्हता. आपली भाषा फडाफडा बोलायची, पण डोळ्याला 'डोला' म्हणायची. आणि वाक्याचं शेपूट वर उचलायची, जशी काही प्रत्येक गोष्ट विचारतेय. बाळंतपणात गेली. पोरगं वाचलं. तीन वर्षांचं झालं तरी एक शब्द नाही. कान ठीक आहेत, डॉक्टर म्हणाले. शेवटी दूरच्या मुक्यांच्या शाळेत ठेवायचं ठरलं. सकाळची गाडी. गणवेशाची बटणं राहिली होती, म्हणून हा रात्री खाली दुकानात उतरला. त्याची बहीण पोरापाशी झोपलेली.

बटणं लावली. दोरा दातानं तोडला. जिना चढायला लागला..."

सासरे थांबले.

"वर कुणीतरी बोलत होतं. बाईचा आवाज. हळू. 'नाक?... कान?... डोला?'

शेपूट वर.

त्याला वाटलं, बहीण. पण बहीण घोरत होती. तेही ऐकू येत होतं."

"मी घोरत नाही," कोपऱ्यातून आतेसासूबाई म्हणाल्या.



"मग दुसरा आवाज..." सासरे म्हणाले. "बारीक. 'डोला.'

दार ढकललं. पोरगं उठून बसलेलं. बोट स्वतःच्या डोळ्यावर. समोर... कुणी नाही."

"मग?"

"मग काय. सकाळची गाडी गेली. पोरगं नाही गेलं. बोलायला लागलं. बहिणीनं, मास्तरांनी, सगळ्यांनी 'ळ' घोटवून घेतला. नाही आला. आईचा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता."

गोष्ट तिथेच संपली.

मग भिंतीपाशी माझा नवरा उठला.

"चला, डोले मिटायला लागलेत?"

विचारत नव्हता तो. त्याचं बोलणं तसंच आहे. लग्नात माझ्या मैत्रिणी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. एरवी मीही हसते.

आज आतेसासूबाईंचा मुलगाही हसला नाही.