घट्ट एक, पोकळ दोन

देवकाबाई सकाळच्या गाडीने गोंदियाला गेली ती पॉलिश पेपर, थिनर आणि बोटीच्या बुडाला लावायचा रंग आणायला. सामान पिशवीत भरता भरता दुकानदार चुन्नीलालने सहज विचारलं, "इस बार बकाराम भाऊ नहीं आया?"

"नाही आले," एवढंच ती म्हणाली. नवरा गेल्याची बातमी का दुकानाच्या काउंटरवर सांगायची असते? आणि सांगून तरी काय, फार तर चहा पाजला असता त्याने.

बकाराम मागच्या उन्हाळ्यात गेला. तलावावर अचानक वादळ उठलं आणि फायबरची बोट पालथी झाली. फिरायला आलेल्या लोकांना त्याने एकेक करून काठाकडे ढकललं, स्वतः मात्र बोटीखाली अडकला. तेव्हापासून ती बोट काठावर, मोहाच्या झाडाखाली, जुन्या टायरांवर तशीच पालथी पडून होती. आता देवकाबाईचा एकुलता एक मुलगा नीलेश ती पुन्हा पाण्यात घालणार होता. देवकाबाईचं मन मानत नव्हतं. पण पोरगा बापासारखाच हट्टी. बूड नीट न करताच घेऊन जाईल, त्यापेक्षा आपणच करून द्यावं म्हणून ती कामाला बसली.

काम हातातलंच होतं. जुना रंग पट्टीने खरवडायचा, बुडाला आलेले फोड फोडून वाळू द्यायचे, खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरायची, घासून गुळगुळीत करायचं, मग रंग. मधे एकदा सगळं बूड ठोकून पाहायचं. दरवर्षी बकाराम पालथ्या बोटीखाली शिरायचा आणि ती वरून पट्टीच्या लाकडी मुठीने ठोकत जायची. आतून त्याला आवाज नेमका कळायचा. जागा घट्ट असली तर तो आतून एकदा ठोकायचा, पोकळ असली तर दोनदा. पोकळ म्हणजे त्या जागेचा भरवसा नाही. त्या कामात नवरा-बायको एक शब्द बोलत नसत, तरी तिला वाटायचं, एवढ्या गप्पा आपण वर्षभरात दुसऱ्या कधी मारत नाही.

दुपार कलली. वारा पडला होता आणि तलाव हलत नव्हता. तिने एक फोड फोडला, तर आतून पिवळट पाणी ओघळलं. त्याला आंबलेल्या पेजेसारखा वास होता. इतके महिने कोरड्यात पडलेल्या बोटीत हे पाणी कुठून आलं, ते तिला कळेना. फडक्याने पुसलं तरी ते येतच राहिलं.

सवयीने तिने बुडावर एक ठोका दिला.

आतून दोन ठोके आले.

तिचा हात थांबला. टायर सरकला असेल, मोहाची फुलं पडली असतील... ती जरा पुढे सरकली, पुन्हा ठोकलं. दोन. मागे मोटरीच्या बाजूला ठोकलं. तिथेही दोन. प्रत्येक वेळी तोच दम घेऊन, तीच घाई नसलेली पद्धत. हा हात तिने लाखात ओळखला असता.

वाकून खाली पाहायचा तिला धीर होईना. खाली कोणी दिसेल याची भीती नव्हती. खाली कोणी नसेल, याची होती. तिने खरवडलेल्या बुडावर गाल टेकला आणि तिला रडू आवरेना.

"नीलेशचे बाबा... थंडी वाजून राहिली का तुमाले?"

तिने गाल आणखी दाबून धरला.

"पोराचंच सांगून राहिले ना?"

आतून एकच ठोका आला.

देवकाबाईने डोळे पुसले, घरी जाऊन कुऱ्हाड आणली आणि बोटीचं बूड फोडायला लागली. आवाज ऐकून नीलेश धावत आला. त्याने तिचा हात धरला तोवर बुडाला मोठं भगदाड पडलं होतं.

"आई, काऊन तोडून राहिली? बाबाची बोट होय ते."

"पोकळ आहे, बाबू... सारीच पोकळ आहे."

"कोनं सांगतलं तुले?"

तिने बोटीखाली हात दाखवला. नीलेशने वाकून बोटीखाली पाहिलं. कोरडी माती होती, दुसरं काही नव्हतं. तो तिथेच बसला आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा ढसाढसा रडला. देवकाबाईने त्याला रडू दिलं. तिचं स्वतःचं मन मात्र हलकं झालं होतं. तलावाने नवरा नेला, पोरगा आता त्याच्या हाती लागणार नव्हता.

संध्याकाळी दोघं चुलीपाशी जेवायला बसले.

"धानाच्या मिलमधी जातो मी आता कामाले," नीलेश खाली मान घालून म्हणाला. "पान्यावर नाही जात. झालं ना तुह्या मनासारखं?"

"झालं रे बाबू," म्हणत तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवत होता. घाईत घेतलेला घास अडकला आणि त्याला जोरात ठसका लागला. लहानपणी थोपटायची तशी देवकाबाईने त्याच्या पाठीवर एक थाप मारली.

"पाणी पी, हळू..."

तिच्या तळहाताखाली, पोराच्या पाठीतून, तोच दम घेऊन दोन ठोके आले.

नीलेश पाणी प्यायला आणि पुन्हा जेवू लागला.