दोन कुलपांचं कपाट

"यानाला खिडक्या हव्यातच!" वकील म्हणाली.

"पण अवकाशात खिडकी उघडली तर आतली सगळी हवा निघून नाही का जाणार?" प्रश्नोबानं विचारलं.

"उघडायची कुणी सांगितलीय? बाहेर बघायला हवी!"

"भांडा नंतर, आधी कुणीतरी हे धरा!" लंबू ओरडली. तिच्या दोन्ही हातांत यानाचं टोक होतं आणि दातांत चिकटपट्टी.

सुट्टीचा चौथा दिवस होता. मावशीच्या औषधाच्या दुकानामागच्या खोलीत तिघांचं यान आकाराला येत होतं. औषधांची रिकामी खोकी म्हणजे यानाचं अंग, आणि गोळ्या संपलेल्या स्ट्रिप्स म्हणजे त्याचा चंदेरी पत्रा. या स्ट्रिप्स त्यांनी दुकानाच्या कचऱ्याच्या डब्यातून, शेजारपाजारच्या घरांतून, अगदी न्हाव्याच्या आजीकडूनही मागून आणल्या होत्या. वकील तेरा वर्षांची. कशावरही वाद घालायची, म्हणून हे नाव. प्रश्नोबा तिचा धाकटा भाऊ. त्याचं नाव असं का पडलं, ते तुम्हाला कळलंच असेल. लंबू ही शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्यांची मुलगी, आणि ती खरंच लांबलचक होती.

"पोरांनो, जरा शांत!" मावशी आत आली. तिच्या कपाळावर आठ्या होत्या. "चार वाजता औषध निरीक्षक येणार आहेत. मला आणि काकांना कपाट मोजायचंय."

कपाट म्हटल्यावर तिघंही गप्प झाली. भिंतीत पक्कं बसवलेलं ते लोखंडी कपाट दोन किल्ल्यांशिवाय उघडत नसे. एक किल्ली मावशीच्या गळ्यात, दुसरी काउंटरकाकांच्या खिशात. काउंटरकाका या दुकानात मावशीच्याही आधीपासून होते. डोळे मिटूनसुद्धा हवं ते औषध काढून देतो, असं ते दिवसातून दोनदा तरी सांगत.

"मावशी, एका कपाटाला दोन कुलपं कशाला?" प्रश्नोबानं विचारलंच.

"ज्यांना असह्य दुखतं, त्यांच्यासाठीच्या गोळ्या आहेत या. त्यांना त्या जीवदान वाटतात. पण दुसऱ्या कुणी खाल्ल्या, तर डोकं ताब्यात राहत नाही. सवय लागते, ती सुटता सुटत नाही. लहान मुलाच्या पोटात एक जरी गेली, तरी श्वास बंद पडू शकतो. म्हणून कायदा आहे. कुठल्या कारखान्यानं किती करायच्या, कुणी आणायच्या, कुणाला द्यायच्या, सगळं ठरलेलं. कारखान्यातून निघाल्यापासून रुग्णाच्या हातात पडेपर्यंत एकेका गोळीची नोंद."

"आणि नोंद चुकली तर?"

"तर माझं लायसन्स जातं," मावशी म्हणाली आणि तिनं किल्ली फिरवली.

काउंटरकाकांनी स्ट्रिप्सचा गठ्ठा हातात घेतला आणि अंगठ्यानं कडा फर्रकन सोडल्या, पत्त्यांचा जोड सोडावा तशा. "पाच," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पुन्हा कडा सोडल्या. "पाचच?"

मावशीनं रजिस्टर पाहिलं. तिथं सहा होत्या. काल दुपारी आठ होत्या, त्यातल्या दोन दिल्या, उरल्या सहा. वजाबाकीत काही चूक नव्हती.

"एक स्ट्रिप गेली कुठं?" मावशीचा आवाज एकदम बारीक झाला.

मावशीनं लगेच कालच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. "हो हो, दोनच दिल्यात," पलीकडून त्या घरच्या सूनबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर मोजल्या की काकांनी!"

लंबूच्या दातांतली चिकटपट्टी खाली पडली.

काउंटरकाकांची नजर हळूहळू यानावर गेली. "सकाळपासून स्ट्रिप्स कोण गोळा करतंय?"

"आम्ही रिकाम्याच घेतल्या!" वकील उसळली. "कपाटाच्या जवळही गेलो नाही! आणि पुरावा काय तुमच्याकडे?"

"पुरावा हा काय समोरच आहे!" काकांनी यान उचललं आणि चिकटपट्टी टराटरा ओढायला सुरुवात केली. खिडक्या निघाल्या, टोक निघालं, पंख निघाले. चार दिवसांची मेहनत पाच मिनिटांत जमिनीवर! पण गोळ्या असलेली एकही स्ट्रिप आत सापडली नाही.

वकिलीनं एक मोडका पंख उचलला. तिला यानाचं वाईट वाटलंच. पण त्याहून वाईट म्हणजे, मावशीनं काकांना थांबवलं नव्हतं. मावशीलाही वाटलं असेल का, आपणच घेतली म्हणून?

"असं करू," काका दबक्या आवाजात म्हणाले. "रजिस्टरात सहाचे पाच करू. कालच्या दोनच्या तीन करू. कोण बघतंय?"

"मी बघतेय," मावशी म्हणाली. "या रजिस्टरात खाडाखोड करायची नसते, काका. आणि आकडा बदलला म्हणून स्ट्रिप परत येणार आहे का? लायसन्स गेलं तर मी दुसरीकडे नोकरी करीन. पण त्या दहा गोळ्या आत्ता या क्षणी कुठंतरी पडल्यात. त्या कुणाच्या तरी हाती लागल्या, तर मी काय करणार?"

तेवढ्यात बाहेरची घंटी वाजली. निरीक्षकबाई आल्या होत्या, चक्क तासभर आधी! मावशीनं पदराला हात पुसले, रजिस्टर उचललं आणि त्यांना घेऊन ती छोट्या ऑफिसात गेली. दार बंद झालं.

प्रश्नोबा जमिनीवर बसून विखुरलेल्या स्ट्रिप्स गोळा करत होता. रडू येऊ नये म्हणून तो त्या मोजत होता. "एकवीस, बावीस, तेवीस..." अचानक तो थांबला. "ताई, सकाळी चोवीस होत्या ना?"

"तू पण आता?" वकील वैतागली.

"अगं, बघ तरी! तेवीसच भरतायत!"

त्यानं एक स्ट्रिप उचलली आणि उलटीपालटी केली. तिच्या दोन्ही बाजूंना चंदेरी, सपाट पत्रा होता. गोळीच्या फुगीर घरांचा कुठं पत्ताच नव्हता.

"ही अशी कशी? फुगे कुठं गेले हिचे?"

लंबूनं ती हातात घेऊन नखानं कड उचकटली. टक्! एकीच्या दोन झाल्या. दोघींची तोंडं एकमेकींकडे होती आणि एकीची फुगीर घरं दुसरीच्या मोकळ्या जागांत घट्ट बसली होती.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जाडी जवळजवळ एकीएवढीच!" वकील कुजबुजली. "काका कडांवरून मोजतात. काल त्यांनी दोन म्हणून तीन दिल्या! सूनबाईंनाही दोनच दिसल्या!"

"त्या सूनबाई मला ठाऊक आहेत," लंबू म्हणाली. "गवंडी आजोबांच्या. काल त्या औषध घेऊन आमच्याकडेच आल्या होत्या, पंक्चर काढायला. दोन गल्ल्या सोडून राहतात. पण त्यांच्या घरात तर..." ती थांबली. "त्यांच्या घरात रांगतं बाळ आहे!"

वकील धावत ऑफिसच्या दाराशी गेली. पण दारात काउंटरकाका हात पसरून उभे.

"आता पुरे झालं तुमचं! आत साहेब बसल्यात!"

"काका, ऐका तरी! त्या स्ट्रिप्स एकमेकींत..."

"तीस वर्षांचा हात आहे हा! मला मोजायला शिकवू नका!"

"मग निदान त्यांना फोन तरी करा!"

"हलू नका म्हटलं ना!"

वकील दोन पावलं मागं सरली. "पाण्याचं भांडं कुठंय हो, काका?" प्रश्नोबानं मध्येच विचारलं. "साहेबांना पाणी नको का द्यायला?"

"अरेच्चा! पाणी राहिलंच की!" काका लगबगीनं वळले. तेवढ्यात वकिलीनं दोन रिकाम्या स्ट्रिप्स एकमेकींत बसवल्या, कागदावर भराभर लिहिलं आणि कागद नि स्ट्रिप्स दाराखालच्या फटीतून आत सरकवल्या. कागदावर लिहिलं होतं : 'मावशी, ही एक आहे की दोन? आम्ही गवंडी आजोबांकडे जातोय. तिथं बाळ आहे!'

मग तिघं निघाली. लंबूच्या सायकलवर पुढं प्रश्नोबा, मागं वकील. लंबूनं आयुष्यात इतक्या जोरात पायडल मारलं नसेल! वळणावर एक भाजीची टोपली थोडक्यात वाचली. "एका गोळीनं किती वेळात श्वास..." प्रश्नोबानं सुरुवात केली.

"आत्ता नको!" दोघी एकदम किंचाळल्या. पण प्रश्न काही तिघांच्याही डोक्यातून जाईना.

सूनबाईंनी दार उघडलं. धापा टाकत वकिलीनं सगळं सांगितलं.

"काहीतरीच!" त्या म्हणाल्या. पण त्यांनी आजोबांच्या उशाशी ठेवलेला डबा आणला. आत दोन स्ट्रिप्स होत्या. प्रश्नोबानं दोन्ही पालथ्या करून पाहिल्या. दोन्हींची एक बाजू फुगीर होती.

"या सुट्या आहेत," तो म्हणाला. "मग तिसरी कुठंय?"

"सकाळी गोळी काढताना काहीतरी खाली पडल्यासारखं वाटलं खरं," पलंगावरून आजोबा क्षीण आवाजात म्हणाले. "मला वाकता येत नाही बाळांनो."

सूनबाईंनी चहूकडे पाहिलं. "बाळ कुठंय? आत्ता तर इथंच होतं!"

लंबूनं स्वतःला जमिनीवर झोकून दिलं. पलंगाखाली, अगदी भिंतीपाशी, बाळ पोटावर पडलं होतं. त्याच्या तोंडात काहीतरी चमकत होतं!

"आहे! तोंडात घातलीय!"

एवढे लांब हात लंबूला देवानं कशासाठी दिले, ते त्या दिवशी कळलं. तिनं एका हातानं बाळाला ओढलं, दुसऱ्यानं स्ट्रिप. बाळानं भोकाड पसरलं. सूनबाईंनी त्याच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मोजा!" वकील म्हणाली. "दोघांनी, मोठ्यानं, एकेकीवर बोट ठेवून!"

"एक... दोन... तीन..." प्रश्नोबा आणि सूनबाई मोजू लागले. स्ट्रिप लाळेनं ओली झाली होती. कोपऱ्यातल्या पत्र्यावर दोन इवल्या दातांचे ठसे होते. "आठ... नऊ..." प्रश्नोबा अडखळला. शेवटचं घर चेपलं होतं. त्यानं ते उजेडात धरलं. "दहा! आत आहे! पत्रा फाटला नाहीये!"

सूनबाई मटकन खाली बसल्या आणि बाळाला उराशी धरून रडू लागल्या.

"चला, मावशीला नेऊन देऊ!" लंबू म्हणाली.

"मुळीच नाही," वकील म्हणाली. "या गोळ्या रस्त्यानं नेण्याचा हक्क आपल्याला नाही. टेबलावर ठेव. ती येईपर्यंत इथून कुणी हलायचं नाही."

फार थांबावं लागलंच नाही. जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि दारात मावशी उभी राहिली. तिच्या मुठीत वकिलीचा कागद होता. मागं निरीक्षकबाई, आणि त्यांच्याही मागं, घामानं डबडबलेले काउंटरकाका.

मावशीनं आधी बाळाकडे पाहिलं, मग स्ट्रिपकडे. मग तिनं तिघांना एकदम कवेत घेतलं. "मी तेव्हा काकांना थांबवायला हवं होतं," ती म्हणाली. "घाबरले होते रे मी. चुकलं माझं." वकिलीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

निरीक्षकबाईंनी स्ट्रिप सीलबंद केली, सूनबाईंची सही घेतली. "तुमच्या मावशींनी मी बसायच्या आतच सांगितलं, एक स्ट्रिप कमी आहे म्हणून," त्या मुलांना म्हणाल्या. "त्यांनी आकडा बदलला असता, तर मी सही करून निघून गेले असते. आणि मग हे बाळ..." त्या मावशीकडे वळल्या. "लेखी समज तर मी देणार. न बघता लिहिलंत, ही चूक लहान नाही. पण लायसन्स राहील. आणि मुलांनो, या कपाटाचा कायदा मी वीस वर्षं शिकवतेय. तो आज तुम्ही माझ्यापेक्षा चांगला पाळलात!"

संध्याकाळी दुकानात दोन नव्या गोष्टी झाल्या. रजिस्टरात मावशीनं लाल शाईनं लिहिलं, 'मोजणीत चूक. दोघांची.' आणि खाली दोघांनी सह्या केल्या.

दुसरी गोष्ट मागच्या खोलीत झाली. काउंटरकाका गुडघे धरत, कण्हत, जमिनीवर बसले. मोडलेल्या यानाचे तुकडे त्यांनी पुढ्यात ओढले.

"रागावलात माझ्यावर?"

वकील चिकटपट्टी शोधू लागली. मग प्रश्नोबानं विचारलं, "काका, तुम्हाला खिडक्या लावता येतात?"

"शिकव," काका म्हणाले. त्यांनी एक स्ट्रिप उचलली, दोन्ही बाजू नीट पाहिल्या, कडेवरून नख फिरवलं आणि मगच ती प्रश्नोबाच्या हातात ठेवली. "एक," ते मोठ्यानं म्हणाले.

"एक," प्रश्नोबा म्हणाला.