तिसरी बाही

नीसू म्हणजे आमच्याकडचा वेलची घातलेला गोड पाव. कुत्र्याला हे नाव माझ्या बायकोनं, लेम्पीनं, ठेवलं, कारण पिल्लू असताना तो फुगायला ठेवलेल्या कणकेसारखा दिसायचा. पुढे फुगतही तसाच गेला. सामोयेड जातीचा हा पांढरा कुत्रा वर्षातून दोनदा झडतो, आणि झडतो म्हणजे घरात दुसरा कुत्रा तयार होईल इतका. लेम्पी त्याला फणीनं विंचरायची, लोकर पिंजायची, चाकावर सूत काढायची आणि विणायची. आमचं गाव मिशिगनच्या उत्तर टोकाला, सरोवरात घुसलेल्या जमिनीवर आहे. इथे कुत्र्याच्या लोकरीचे हातमोजे घातलेला माणूस कुणाला विचित्र वाटत नाही. ओले झाले की वास येतो, एवढंच.

लेम्पीच्या सुया कधी रिकाम्या नसत. एक काम संपलं की त्याच दिवशी पुढच्याचे टाके. मापं ती डोळ्यांनी घ्यायची. माझे केसही तीच कापायची, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही माझं डोकं करड्या-पांढऱ्या केसांनी गच्च भरलेलं होतं, आणि त्याचा मला जरा गर्व होता. खाली पडलेले केस ती गोळा करून ठेवायची. टाकताना मी तिला कधी पाहिलं नाही, पण मी कशाला पाहत बसेन?

मागच्या वसंतात ती गेली. तिच्या खुर्चीशेजारच्या टोपलीत एक पांढरा स्वेटर राहिला. धड झालेलं, एक बाही झालेली, दुसरीचे नुसते टाके सुयांवर. कुणासाठी ते तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आम्हा फिनिश लोकांत याला सुखी संसार म्हणतात. घरात थंडी वाजणारा प्राणी मी एकटाच, तेव्हा तो माझाच असणार. एकदा डोकं घालून पाहिलं. छातीला फार तंग होता. मी बारीक होईन असं तिला वाटलं असावं. माझ्याबद्दल तिचे असे काही गैरसमज होते.

पानं गळायला लागली तेव्हा नीसूही गळायला लागला. आधी पट्ट्याखाली मान, मग शेपूट, मग मांड्या, मग पाठ. डोकं आणि पंजे मात्र पहिल्यासारखे झुबकेदार. कुणीतरी त्याच्या अंगातून स्वेटर काढून नेल्यासारखा दिसायचा तो. खालची गुलाबी कातडी आधी राखाडी झाली, मग पाटीसारखी काळी. खाज नाही, जखम नाही. तो फक्त माझ्याकडे बघायचा, जणू हे मला माहीत असायला हवं होतं.

प्राण्यांची डॉक्टर कोस्केला हिनं रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, पाठीवरून कातडीचे दोन छोटे तुकडे काढून पाठवले. सगळं ठीक निघालं.

"याला नाव आहे, वेनो," ती म्हणाली, "पण कारण नाही."

"माझ्या मेव्हणीसारखं," मी म्हणालो.

ती हसली नाही. "झोपेची एक गोळी देते, कधीकधी त्यानं केस येतात. यात मरत कुणी नाही. पण थंडीत सांभाळ. वजन उतरतंय त्याचं, आणि कातडी अशी उघडी राहिली तर हा हिवाळा त्याला जड जाईल. अंगात काहीतरी घाल त्याच्या."

दुकानातून लाल जाकीट आणलं. नीसूनं ते दारापाशी फाडून नीट पसरून ठेवलं, पायपुसण्यासारखं.

दुसरी बाही वाढतेय हे माझ्या लक्षात आलं ते बर्फ सुरू झाल्यावर. टोपली सरकवताना पाहिलं तर नुसते टाके होते तिथे मनगटापासून कोपरापर्यंत वीण होती. मेव्हणी इर्माकडे घराची किल्ली असते. ती रविवारी आली तेव्हा म्हणालो, "विणायचंच असेल तर सांगून विण. चोरासारखं काय?"

"मी? सांधे बघ माझे," तिनं बोटं पुढे केली. "मला वाटलं तूच शिकलास. एकटी माणसं काहीही करतात."

"मी आणि विणकाम?"

"हो, तेही खरंच. तुला बुटाची नाडी धड बांधता येत नाही." मग तिनं वीण उजेडात धरली आणि आवाज खाली आणला. "टाके तर लेम्पीचेच आहेत, वेनो. घट्ट. जुनीच असेल. तू नीट पाहिलं नसशील."

तेही शक्य होतं. मी तीस वर्षं काउंटीचा बर्फ उपसायचा ट्रक चालवला. मी रस्ता बघतो, बाह्या बघत नाही.

मग सरोवरावरून ते वादळ आलं. खिडक्या अर्ध्या बुजल्या, रस्ता गेला. हल्लीच्या पोरांना ट्रक चालवता येत नाही, हे मी फोनवर काउंटीला रोज सांगत होतो आणि ते रोज आभार मानत होते. इर्मा येणं शक्यच नव्हतं. लाकूड होतं, कॉफी होती, खारवलेला मासा होता. मी, नीसू आणि टोपली.

बाही वाढत होती. दुपारी डुलकी लागायची, उठून पाहावं तर दोन बोटं वीण जास्त आणि नीसूच्या बरगड्यांवर तेवढी काळी कातडी जास्त.

त्याच्या पाठीवर, डॉक्टरनं तुकडे काढले होते बरोबर तिथे, पांढऱ्या केसांचे दोन झुबके उगवले होते. डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, असं होतं, का ते कुणाला माहीत नाही. फोन ठेवून मी स्वेटर उलगडला. पाठीवर वाटाण्याएवढी दोन भोकं होती.

कसर लागली असेल, असं मी मोठ्यानं म्हणालो. नीसूनं मान वळवली.

लेम्पीच्या हातचं एवढंच उरलं होतं. पण थंडीनं थरथरणारा तोही तिचाच होता, आणि तो श्वास घेत होता. मी बाही उसवली. गुंडा करून कॉफीच्या डब्यात घातला, वर झाकण दाबून बसवलं. दोन दिवसांत नीसूच्या कुशीवर मऊ पांढरी लव आली. मी त्याला मासा भरवला आणि स्वतःवर खूश झालो.

मग एका सकाळी डबा रिकामा होता, झाकण तसंच घट्ट. बाही मनगटापासून खांद्यापर्यंत पूर्ण होती.

लव गेली होती.

मी टोपली उचलून अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या अंघोळीच्या, लाकडी खोलीत नेऊन ठेवली आणि कडी घातली. परत येऊन बूट काढतोय तर नीसू बाहेर. सौनाच्या दाराशी, बर्फात, उघड्या काळ्या अंगानं बसलेला. ओढला, उचलायला गेलो, खाऊ दाखवला. हलेना. कानांच्या कडा पांढऱ्या पडायला लागल्या. तो दाराकडे बघत होता आणि शेपटीचा काळा दांडा हळूहळू हलवत होता. लेम्पी आत असली की हलवायचा तसा.

मी कडी काढली. टोपली घेऊन घराकडे निघालो. तो मागोमाग आला.

त्यानंतर मी काही उसवलं नाही.

स्वेटर पूर्ण झाला असं मला वाटलं. दोन बाह्या, गळा, धड. पण सुया रिकाम्या नव्हत्या. स्वेटर पालथा केला.

पोटाच्या बाजूला, खाली, नवे टाके होते.

तिसरी बाही सुरू झाली होती.

मी बराच वेळ तिथे बसलो. नीसूच्या चार पायांकडे पाहिलं. मग चुलीत लाकूड घातलं, टोपली त्याच्याजवळ सरकवली आणि डुलकी काढायला गेलो, मुद्दाम.

चौथी झाली त्या दिवशी मी तो त्याच्या अंगात घातला. लाल जाकीट फाडणारा कुत्रा एकेक पाय स्वतःहून पुढे करत होता. कुठे तंग नाही, कुठे ढगळ नाही. तो चुलीपाशी आडवा झाला, लांब सुस्कारा टाकला, आणि त्याचं थरथरणं थांबलं.

मी रडलो. मग कॉफी प्यालो.

रस्ता उघडला तशी इर्मा पाव घेऊन आली. नीसूला बघून हसली, त्याच्या चारी बाह्या ओढून पाहिल्या. "म्हणजे याच्यासाठी होता. आणि तू आपला समजून बसला होतास." मग लेम्पीच्या खुर्चीशी वाकली. "हे काय, नवीन टाके घातलेस?"

सुयांवर एकच ओळ होती. करडी-पांढरी, जाड, जरा राठ.

"रंग छान आहे," ती म्हणाली. "माप मोठं दिसतंय. या वेळी तुझंच का?"

मी तिच्याकडे पाठ करून कॉफी ओतत होतो.

"वेनो, मानेवरचे केस इतके वर कुणी कापले? आणि कातडी केवढी काळवंडलीय. सौनात जातोस ना अजून?"

मी हात मागे नेला नाही. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागला होता. इर्मा कोट चढवत होती. रस्ता बंद व्हायच्या आत तिला निघायला हवं होतं.