मागची डावी काच

नयन, त्या राखाडी गाडीला टेकू नकोस. दुसऱ्या कुठल्याही गाडीला टेक, नाहीतर माझ्या स्कूटरवर बस, तिच्यावर तशीही कबुतरं बसतात. ती गाडी मात्र नको.

का, ते सांगतो. लाइट येईपर्यंत तुम्हाला चौदा मजले चढायचे नाहीत आणि मला गुडघे नाहीत. क्षिप्रा, तेवढा मोबाइलचा उजेड बंद कर, डोळ्यांवर येतो.

तुम्हाला पंढरी आठवतो का? आता गाड्या धुवायला येतो त्याच्या आधीचा. नसेल आठवत, तुम्ही तेव्हा वर्तकनगरला होतात. बारीक अंगाचा, चाळिशीचा माणूस. पहाटे साडेचारला कामाला लागायचा. मी एकतीस वर्षं खोपटच्या वर्कशॉपात एसटीच्या काचा बसवल्या, त्यामुळे काचेवर हात कसा फिरवायचा ते मला कळतं. बाकीचे लोक काच पुसतात म्हणजे इकडची घाण तिकडे करतात. आपल्या बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग पडले की मग तर सगळेच हात टेकतात. पंढरी आधी व्हिनेगरचं पाणी लावायचा, मग ओलं फडकं, मग कोरडं, आणि शेवटी चुरगळलेलं वर्तमानपत्र. काच आहे की नाही ते हात लावून बघावं लागायचं. त्याला त्याचा गर्व होता. त्या गर्वानंच घात केला.

ही गाडी गोविंदा भोईरची. अकराव्या मजल्यावर राहतो, मान खाली घालून जातो, तोच. बाळकुमचा मूळचा माणूस. आपला टॉवर उभा आहे ना, तिथे त्याच्या आजोबांचा भात पिकायचा. त्याला एकच मुलगी होती, समृद्धी. पाच वर्षांची. दोन हजार एकवीसच्या सप्टेंबरात तिला डेंग्यू झाला. रात्री याच गाडीत मागे झोपवून तिला हॉस्पिटलात नेलं. निघताना तिनं मागच्या डाव्या काचेवर आतून हात ठेवला आणि खाली उभ्या असलेल्या आजीकडे बघत राहिली. पोर परत आली नाही.

डिसेंबरात एका पहाटे ती काच आतून धुरकटली, आणि तिथे छोटासा पंजा उमटला. कोरड्या काचेवर काही दिसायचं नाही. तोंडाची वाफ सोडली की यायचा. तेव्हापासून गोविंदा रोज रात्री जेवून खाली यायचा, मागच्या सीटवर बसायचा, काचेवर वाफ सोडायचा. पंजा दिसला की वर झोपायला जायचा. ती काच त्यानं पुन्हा कधी खाली केली नाही. पंढरीला एवढंच सांगून ठेवलं होतं, "ती मागची काच आतून पुसू नको." का, ते सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, गोविंदाच्या आईनं, सखुबाईंनी मला सांगितलं होतं. पण मीही पंढरीला सांगितलं नाही. वाटलं, दुसऱ्याच्या दुःखाचा बोभाटा आपण कशाला करायचा. तेव्हा तोंड उघडलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

दोन हजार तेवीसची खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसरा, गाड्यांची पूजा. पंढरी दिवसभर राबला होता. संध्याकाळी साडेसातला त्यानं मला हाक मारली, "अण्णा, बघा तरी जरा." मी एकेक गाडी बघत आलो. सगळ्या लखलखत होत्या. गोविंदाच्या गाडीशी माझे पाय थांबले.

"पंढरी, मागची काच?"

"ती एकच मळकट दिसत होती हो. उद्या हार घालणार आणि एक काच तशीच ठेवायची? म्हटलं, आतून मारू एक हात. शेठला कळणारपण नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. तो टायरशीच खाली बसला आणि हातातलं फडकं उलटसुलट करून बघायला लागला. जणू त्यात काही सापडणार होतं.

आता यापुढची अक्कल माझी. पंढरीची नाही. हे मी कोणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतोय. मी विचारलं, "तुझी दर्शना केवढी आहे रे?"

"सात पूर्ण."

गोविंदा साडेनऊला खाली येणार. हातात दोन तास. पंढरी धावत घरी गेला आणि पोरीला घेऊन आला. तिच्या डोक्याला तेल चोपडलेलं होतं. मी म्हटलं, "बाळा, केसांवरून हात फिरव आणि इथे ठेव." तिनं ठेवला. उजवा. आम्ही विचारसुद्धा केला नाही, मुलं जो हात पुढे करतात तोच तिनं केला. हात काढताना म्हणाली, "आजोबा, काच गरम आहे." गाडी दिवसभर सावलीत होती. मी तिच्या हातावर चॉकलेट ठेवलं आणि तिला घरी पाठवलं.

साडेनऊला गोविंदा आला. मी खांबाआड उभा होतो. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. बाहेर आल्यावर मी दिसलो, तर म्हणाला, "अण्णा, पंजा मोठा झालाय. वाढतेय पोर."

मी मान डोलावली. एवढंच केलं मी. मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून गोविंदानं गाडीची किल्ली पंढरीकडे देणं बंद केलं. दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. गाडी फक्त बाहेरून धुवायची. पंढरीचा हातही बदलला. काचेवर डाग राहायला लागले. पुढच्या जूनमध्ये दर्शनाला ताप आला. साधाच होता, चार दिवसांत उतरला. पण पंढरी त्या चार दिवसांत पार खचला. म्हणाला, "अण्णा, दुसऱ्याच्या पोरीच्या जागी माझी बसवली मी." पोर बरी झाल्या झाल्या तिला मुरबाडला बहिणीकडे ठेवून आला. शाळेतही तिकडेच घातली. मला रात्री झोप लागायची नाही. गोविंदा लिफ्टमध्ये भेटला की मी मजल्यांचे आकडे बघत राहायचो.

शेवटी ठरवलं, सांगून टाकायचं. सोळा ऑक्टोबर दोन हजार चोवीस. बुधवार. कोजागिरी. वर गच्चीवर मसाला दूध आटलं होतं, गाणी चालली होती. मी दुधाचा पेला घेऊन गोविंदाला द्यायला खाली आलो. पंढरीला बोलावून ठेवलं होतं. सव्वाअकरा झाले होते.

गोविंदा अजून मागच्या सीटवरच होता. मी पलीकडच्या दारानं त्याच्या शेजारी जाऊन बसलो. पंढरी आत आलाच नाही. बाहेर, त्या डाव्या काचेपाशी उभा राहिला.

"गोविंदा, तुला एक सांगायचं होतं…"

"मना म्हायत हाय."

तो काचेकडेच बघत होता.

"तिचा डावा हात होता, अण्णा. तुमी लावला तो उजवा. मना त्याच राती समजला."

"मग… बोलला का नाहीस?"

"तुमी सांगाल म्हनून वाट बगत होतो. वरीस झाला."

  लाज म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, अडुसष्टाव्या वर्षी.

"राग नाय," तो म्हणाला. "कोनीतरी पोरीसाठी येवढा केला. पन यंदा परत कशाला आनली तिला?"

"कोणाला?"

तो पुढे वाकला. काचेवर वाफ सोडली.

दोन पंजे.

शेजारी शेजारी. एक उजवा… एक डावा. लहान मुलं खिडकीला दोन्ही हात लावून बाहेर बघतात ना, तसे.

काचेपलीकडे पंढरी वाकला होता. त्याचं तोंड बरोबर त्या दोन पंजांच्या मधे दिसत होतं.

"मी नाही आणली," तो म्हणाला. "दर्शना मुरबाडला आहे. तुम्हाला माहितेय, अण्णा…"

मी किल्लीचं विचारलं. गोविंदानं शर्टात हात घालून दोरा बाहेर काढला. किल्ली त्यातच होती.

वर गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. मग काहीच नाही…

"उजवा पुसा," गोविंदा म्हणाला. "दुसऱ्याची पोर हाय. तिला सोरा, जाऊ दे."

मी रुमाल काढला. पुसला. पण पंजे अगदी जवळ होते… रुमाल डाव्यावरूनही गेला. मला कळलं. गोविंदालाही कळलं. परत तेच. परत माझ्याच हातानं…

त्यानं वाफ सोडली.

उजवा गेला होता.

डावा होता.

"पंढरी," मी म्हटलं, "बाहेरून पूस."

त्यानं पुसलं. ओलं. कोरडं. खिशातला वर्तमानपत्राचा बोळा. त्याचं सगळं कसब लावून पुसलं. मी आतून पुन्हा पुसलं. गोविंदानं वाफ सोडली.

होता.

आता एक ऐका. गाडीची पुढची काच दोन काचांची असते, मधे पातळ पापुद्रा. तिच्या पोटात काही अडकू शकतं. बाजूची काच एकच असते. अखंड. तिच्या मधे जागाच नसते. एकतीस वर्षं मी हेच काम केलं.

पंढरी बाहेर तसाच उभा होता. फडकं छातीशी धरून. म्हणाला, "अण्णा, मी पुसला नसता तर पोर निजलेली असती. माझ्यामुळे तिला परत यायला लागलं."

मी म्हणायला हवं होतं, तू एकटा नाहीस, आपण दोघं. तेही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. मुरबाडला असतो म्हणे. काचेचं काम करत नाही.

दुसऱ्या रात्री मी वर्कशॉपची स्टीलची पट्टी घेऊन खाली आलो. गोविंदानं तो डावा पंजा मोजू दिला. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत बरोबर तेरा सेंटीमीटर. मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.

यंदाच्या कोजागिरीला त्यानं मला पुन्हा बोलावलं. मी तीच पट्टी नेली. लावली. मग चष्मा पुसला आणि परत लावली.

  पट्टीवर साडेतेरा होते.