सोळा रिकामी आवर्तनं

रविवारी दुपारी बारा वाजता आम्ही कांताकाकूंच्या घरी जमलो तेव्हा तिथे बसायला एक सतरंजी आणि जेवायला वरण-भात, एवढंच उरलं होतं. बाकी सगळं खोक्यांत. काकू नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडून मंगळवारी त्या पुण्याला लेकीकडे निघणार होत्या. जानेवारीचं ऊन खिडकीतून थेट सतरंजीवर येत होतं. आम्ही सगळ्यांनी पाय त्या उन्हात पसरले होते.

मी अर्पिता देवस्थळी. भूकंप मोजणाऱ्या सरकारी कचेरीत नोकरी करते. दिवसभर जमिनीच्या थरथरीचे आलेख बघते, त्यामुळे जमीन हलली की मला कारण लागतं. नाही सापडलं तर डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको की बाई भोळी होती.

आम्ही चौघं 'फाटक बंद' या बँडचे चाहते. नाव ऐकलं नसेल. कुणीच ऐकलेलं नसतं. गिटार, व्हायोलिन, ड्रम आणि बेस गिटार. रॉकच्या ढंगात राग वाजवायचे, आणि गाणारं कुणी नाही. लोक अर्धा तास वाट बघून विचारायचे, "भाईसाब, सिंगर कब आएगा?" पाच वर्षांत त्रेचाळीस शो केले आणि धड रेकॉर्डिंग एकाचंही नाही. अक्कलशून्य लेकाचे! पण वाजवायला लागले की अंगावर सर्रकन काटा यायचा.

रेकॉर्डिंग नाही म्हणून आमची एक रीत पडली होती. वर्षातून एकदा जमायचं, एक शो निवडायचा आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडाने वाजवायचा. हसू नका. विश्वजित पहाडगंजच्या मराठी शाळेत गणित शिकवतो, तो डब्यावर ड्रम धरायचा. गुडगावहून येणारी स्वरूपा गिटार. व्हायोलिन श्यामकांतकाकांचं. ते निवृत्त सुभेदार. करोल बागेतल्या एका शोमधून मुलीला घरी न्यायला म्हणून आले होते. मुलगी कंटाळून ऑटोने निघून गेली, काका राहिले ते राहिलेच. कशानंतर काय वाजलं, ते सांभाळायचं काम माझं. नियम एकच होता, आठवेल तेवढंच वाजवायचं, पदरचं काही घालायचं नाही.

बेस वाजवायचा कौस्तुभ, काकूंचा मुलगा. दोन हजार सोळा साली तो मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि बँड तिथेच थांबला. काकूंनी आम्हाला पहिल्यांदाच घरी बोलावलं होतं.

"यूपीएससी सोडून हा दिवटा असले धंदे करायला लागला म्हणून मी त्याच्या एकाही शोला गेले नाही," काकू सरळच म्हणाल्या. "चौदा सालच्या गणपतीत तर खालच्याच मैदानात होता कार्यक्रम. मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. आज सगळ्या उघड्या ठेवल्यात. तोच वाजवा. जाण्याआधी मला एकदा ऐकायचंय, माझा मुलगा काय वाजवत होता ते."

मग आम्ही काय, सुटलोच! तो शो म्हणजे आमचा जीव. आरती संपली, मंडपातल्या आजीबाई उठायच्या आत गिटार सुरू झाली, आणि तिसऱ्या मिनिटाला वीज गेली. वीज परत येईपर्यंत ड्रमवाला थांबला नाही. व्हायोलिनवाला खाली उतरून थेट लोकांत घुसला. श्यामकांतकाका ती जागा घ्यायला उभे राहिले आणि मिटल्या डोळ्यांनी खोक्यावर आपटले. "काका, सांभाळून यार!" स्वरूपा ओरडली, पण तोंडातली गिटार सोडली नाही तिने. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

दोन गती वाजवून झाल्या. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं.

"छान. आणि कौस्तुभ?"

स्वरूपाने सतरंजीची दशी ओढायला घेतली.

"काकू, बेसचं असं असतं," विश्वजित डबा कुरवाळत म्हणाला, "की तो वेगळा ऐकू येत नाही. नसला की कळतं."

"पण तो एकटा वाजवायचा ना मध्ये? मला सांगायचा तो. सोळा आवर्तनं, सगळे थांबतात आणि मी एकटा."

वाजवायचा. तिसऱ्या गतीत. आणि त्या वेळी आम्ही चौघंही मोदकांच्या रांगेत उभे होतो. त्रेचाळीस शोंमध्ये बेस एकटा सुरू झाला की आम्ही कधी समोसा आणायला, कधी पाणी प्यायला, कधी बाथरूमला. इतकी वर्षं आम्ही तो भाग गाळून पुढे जात होतो आणि आम्हाला त्याचं काही वाटलंही नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला काय सांगणार? तुमचा मुलगा वाजवायला लागला की आम्ही खायला जायचो?

सांगितलं मात्र श्यामकांतकाकांनीच. फौजी माणूस, खोटं बोलवत नाही. काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अच्छा. मोदक चांगले होते का?"

"बिल्कुल," काका मान खाली घालून म्हणाले.

"मीच केले होते." त्यांनी हात झटकले. "निदान जागा तरी ठेवा त्याची. चला, तिसरी गत घ्या."

घेतली. ती जागा आली तशी मी हात वर केला आणि सगळे थांबले. विश्वजित नुसती बोटं दुमडत आवर्तनं मोजत होता. पहिलं. दुसरं. खाली भाजीवाला ओरडत गेला. तिसरं.

चौथ्याला पाण्याचा स्टीलचा पेला किणकिणला.

मी पेल्यावर हात ठेवला. थरथर पेल्यात नव्हती, फरशीत होती. मेट्रो, मी मनात म्हटलं. पण मेट्रोची थरथर वाढते आणि विरते. ही थांबत होती, परत येत होती, आणि नेमकी विश्वजितच्या बोटावर येत होती. मी फोन काढून कचेरीतल्या ड्यूटीवाल्या अनुरागला मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं, कुठेही काही नाही. खालच्या मजल्यावरच्या घराला कुलूप होतं, येताना मीच बघितलं होतं.

सहावं. सातवं. आता ते घोट्यांतून पोटरीत चढलं आणि त्याला सूर आला. खालचा, गोल, दमदार सूर. एक वळण घेऊन तो उतरला आणि परत समेवर आला.

"हेच!" स्वरूपा किंचाळली. "अगं, हेच होतं! रांगेत ऐकलं होतं मी!"

मलाही आठवलं. हातात द्रोण, पाठ मंडपाकडे, आणि पाठीत हेच. खरंच आठवलं की त्या क्षणी नव्याने आठवणीत शिरलं, ते मी शपथेवर सांगू शकत नाही.

सोळावं संपलं आणि विश्वजितने डब्यावर अशी थाप मारली की झाकण उडालं. काका पिसाटासारखं व्हायोलिन गायला लागले. खालून बेस आम्हाला उचलून धरत होता. उरलेल्या चार गती आम्ही वाजवल्या, मग पहिल्या दोन परत वाजवल्या, या खेपेला बेससकट. हे काय चाललंय, असं कुणीही विचारलं नाही. विचारणार कसं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा बँड पुरा होता. मी, आलेख बघणारी बाई, सतरंजीवर अनवाणी नाचत होते. त्या दिवसाइतकी सुखी मी फार थोड्या वेळा झाले आहे.

काकू मात्र नाचत नव्हत्या. भिंतीला कान लावून उभ्या होत्या. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. मीही मागोमाग गेले. वाटलं, रडत असतील, जवळ घ्यावं.

त्या ताटं पुसत होत्या.

"ऐकलंत ना काकू?" मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आला तो."

"कौस्तुभ नाही तो," काकू म्हणाल्या.

बाहेर स्वरूपा खिदळत होती.

"दहा वर्षं या भिंतीपलीकडून त्याच्या तारांची टकटक ऐकली मी. सूर नाही कळला कधी, पण हात कळतो. माझा कौस्तुभ घाईचा. समेच्या आधी पोचायचा, कायम. हा थांबतो. तुम्ही पुढे जाईपर्यंत वाट बघतो, मग पाऊल टाकतो."

"मग कोण आहे?"

"मला काय ठाऊक? जागा रिकामी ठेवलीत, आला." त्यांनी पुसलेली ताटं एकावर एक ठेवली. मी मोजली. सहा. आम्ही पाच होतो.

"काकू, नको," मी म्हणाले.

"दारात आलेल्याला उपाशी पाठवू?"

आम्ही जेवायला बसलो. सहावं ताट काकूंच्या शेजारी, भिंतीकडे. त्या तिघांना वाटलं कौस्तुभचं आहे. काकांनी त्याला हात जोडले. मी जोडले नाहीत. माझ्या मांडीखाली फरशी हळूहळू घुमत होती. आमचे घास होईपर्यंत थांबत होती, मग पुढे सरकत होती.

काकूंनी त्या ताटात भात वाढला, वर वरण घातलं, तूप सोडलं. दिल्लीत नवीन मराठी माणूस भेटला की आपण सगळे पहिलं जे विचारतो, तेच त्यांनी अगदी मायेने विचारलं.

"गाव कुठलं रे बाळा तुझं?"

फरशी शांत झाली.

काकू मान कलती करून ऐकत राहिल्या. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. वरणाची पळी हातात तशीच होती.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तिथून चालत आलास?"