डावी बाजू आजोबांची

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. आमच्या घरात घडलीय, माझ्या डोळ्यांदेखत. मी शाळेत वादविवादाला उभी राहते आणि भल्याभल्यांना गप्प करते. पण या एका गोष्टीवर माझ्याकडे मुद्दाच नाही...

रविवार होता. दिवेलागणीची वेळ. जागा म्हणजे आमच्या घराला चिकटून असलेली पत्र्याची शेड.

शेडमध्ये आमची गाडी. खरं तर आजोबांची. माझ्याहून वयाने मोठी. आजोबा मागच्या वर्षी गेले, गाडी राहिली.

आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि सोमवारी सकाळी तिला तपासायला न्यायचं होतं. मागच्या खेपेला प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावत होती. घरी आल्यावर म्हणाली, "त्या खटाऱ्यात पुन्हा बसणार नाही मी. पाठ राहिली काय नि गेली काय."

आई असं कधी बोलत नाही. बाबा त्या दिवशी नीट जेवलेसुद्धा नाहीत.

म्हणून त्यांनी धक्के झेलणारे पुढचे नवे शॉकअप आणले आणि खालच्या आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश. बुश म्हणजे लोखंडात बसवलेलं जाड रबर. जुन्याचा पार भुगा झाला होता. आठवडाभर दुहेरी पाळ्या करून आलेला माणूस रविवारी सकाळपासून गाडीखाली! मी पाने द्यायला.

"चौदाचा मागितला होता, वकीलबाई. हा सतराचा आहे."

"मग सतराचा नट शोधा ना!"

बाबा हसले. हसतानाही त्यांचे डोळे मिटत होते.

आमच्याकडे या कामाची एक पद्धत आहे. डावी बाजू आजोबांची, उजवी बाबांची. दुसऱ्याच्या बाजूला हात लावायचा नाही. बापलेकांचं कामावरून इतकं वाजायचं की शेवटी आईनेच ही वाटणी करून दिली होती.

आणि बुशचे नट गाडी जॅकवर असताना आवळायचे नाहीत. आधी गाडी चाकांवर उतरवायची. बॉनेट दाबून तिला खालीवर हलवायची. मग आवळायचे. नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं.

आवळून झालेल्या नटावर आजोबा खडूची रेघ मारायचे. खडू आईच्या शिलाई मशीनच्या खणातला. गुलाबी.

"मामंजी, माझा खडू!"

"तुमच्या बसायच्या बाजूलाच लावतोय, सूनबाई."

त्या रविवारी दोन्ही बाजू बाबांनी एकट्याने केल्या. गाडी खाली उतरवली. "आता फक्त आवळायचं राहिलंय," म्हणाले. "जरा पाठ टेकतो."

मी आत भात लावायला गेले. बाहेरच्या खोलीत आले तेव्हा बाबा दिवाणावर होते. हात काळेच, तोंड उघडं.

मी शेजारी गृहपाठ काढून बसले.

आणि तेवढ्यात शेडमधून आवाज आला...

चर्र...

मग पुन्हा... चर्र...

कुणीतरी बॉनेट दाबून गाडी हलवत होतं.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा घोरत होते.

मी काही घाबरट नाही. उठले आणि सरळ शेडपाशी गेले. शटर अर्धं खाली होतं. खालच्या फटीतून दिव्याचा उजेड येत होता. बाबा गाडीखालचा दिवा विसरले असणार. मी वाकून पाहिलं.

गाडी हलत होती... पण गाडीजवळ पाय नव्हते.

"कोण आहे?" मी माझ्या वादविवादाच्या आवाजात विचारलं.

गाडी थांबली.

मग दिव्याचा उजेड फरशीवरून हळूहळू सरकला... डावीकडे.

आणि पान्याचा आवाज. कर्र... कर्र...

मी धावत आत आले नि बाबांना गदागदा हलवलं. "बाबा, ते नट!"

"झालं गं सगळं..." म्हणत त्यांनी कूस बदलली.

मी भाताशी असताना त्यांनी आवळले असतील, असं मी स्वतःला पटवलं. इतक्या दमलेल्या माणसाला पुन्हा उठवायचा मला धीर झाला नाही.

सकाळी नुसती धावपळ. आई पुढे डावीकडे बसली, मी मागे. पहिला खड्डा आला. मी डोळे मिटले.

"अहो!" आई म्हणाली. "काहीच लागलं नाही हो!"

किती दिवसांनी ती हसत होती.

पण बाबा हसत नव्हते. त्यांच्या बाजूने आवाज येत होता.

टक... टक...

बाबांनी गाडी अगदी हळू नेली आणि दवाखान्याच्या दारात लावली. स्टिअरिंग फिरवून चाक पूर्ण वळवलं, उतरून आत हात घातला.

उजवीकडचा नट बोटांनी फिरत होता.

"मी आवळलेच नाहीत," ते पुटपुटले. "झोपलो मी... अशी गाडी चालवली, तुम्हाला घेऊन..."

मग ते धडपडत डाव्या बाजूला गेले.

नट हलेना. पाना लावला तरी हलेना.

त्यावर एक रेघ होती... गुलाबी.

बाबा तिथेच जमिनीवर बसले. "तू केलंस?"

"मी? माझ्याने इतका घट्ट आवळला तरी जाईल का?"

आईने खिडकीतून मान जराशी काढली. "काल खडू तूच नेलास ना गं? मशीनचा खण उघडल्याचा आवाज आला मला. भिंतीकडे तोंड करून पडले होते, वळता आलं नाही."

मी नेला नव्हता.

बाबांनी तिथेच आपल्या बाजूचे नट आवळले. रेघ मारली नाही. आवळताना एकदाच, अगदी हळू म्हणाले, "माझी बाजू ठेवली माझ्यासाठी..."

ते रडत होते की घाबरले होते, मला अजून कळलेलं नाही. आईला तेव्हापासून गाडीत त्रास नाही.

आता मागचे शॉकअप बदलायचेत. काल जेवताना बाबा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "या रविवारी डावी बाजू तू घे."

एरवी मी नको तिथेही हात वर करते. काल तो ताटातच राहिला.

मशीनचा खण मी रोज उघडून बघते.

खडू अजून परत आलेला नाही...